दोहाचा एक मुख्याधिकारी आणि वॉर्डातली शिस्त



'नेतृत्व' या विषयावर आम्हा परिचारिकांपैकी कोणीतरी बोलावे, असा कमिटीचा आग्रह होता. आम्ही उभे आयुष्य वॉर्डात काढलेल्या बायका. मोठ्या कंपन्यांचे कारभार आम्हांला काय ठाऊक? परंतु माणसे सांभाळण्याचे काम वॉर्डात काय आणि विमान कंपनीत काय, सारखेच असते. म्हणून आज आम्ही कतार देशातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याचे उदाहरण घेतले आहे. लंडन, टोरंटो, मेलबर्नहून मुंबईला जाताना आपल्यापैकी काहींनी दोहाला विमान बदलले असेल. त्यांना हे काम पाहूनच ठाऊक आहे.

हे गृहस्थ म्हणजे श्री. अकबर अल बाकर. त्यांच्या शिक्षणाचा काही काळ आपल्याच महाराष्ट्रात गेला. पाचगणीची सेंट पीटर्स शाळा आणि मुंबईचे सिडनहॅम कॉलेज ही त्यांची विद्यास्थाने. पुढे त्यांनी कतारच्या नागरी विमान वाहतूक खात्यात नोकरी केली. कतार एअरवेजची स्थापना १९९३ सालची. जानेवारी १९९४ मध्ये तिची विमाने उडू लागली, पण बस्तान बसले नव्हते. १९९७ मध्ये कारभार अल बाकर यांच्या हाती आला, तेव्हा विमाने बोटांवर मोजण्याइतकी होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी पद सोडले, तेव्हा ती २०० हून अधिक होती. 'स्कायट्रॅक्स'चा वर्षातील सर्वोत्तम विमान कंपनीचा मान त्यांच्या काळात ७ वेळा मिळाला. २०१४ साली दोहाचा नवा हमाद विमानतळ सुरू झाला. पाठीशी देशाची तिजोरी होती, हे खरेच. पण नुसत्या पैशाने वॉर्ड स्वच्छ राहत नाही, हे आम्हांला पक्के ठाऊक आहे.

त्यांच्याकडून घेण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष. विमानातल्या आसनापासून जेवणाच्या ताटापर्यंत सारे स्वतः पाहणारा अधिकारी, अशी त्यांची ख्याती होती. आमच्या जुन्या मेट्रन राउंडला आल्या की चादरीचे कोपरे पाहत, औषधांचे कपाट उघडून पाहत. तेव्हा आम्हांला तो जाच वाटे; पुढे स्वतः चार्ज घेतल्यावर त्याचे मोल कळले.

दुसरी गोष्ट म्हणजे संकटातली स्थिरता. ५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. शेजारचे आकाश एका रात्रीत बंद झाले आणि डझनाहून अधिक ठिकाणांची उड्डाणे थांबली. विमाने इराणवरून वळवावी लागली. देशात दुधाची टंचाई होईल अशी भीती होती, तेव्हा त्याच जुलैत याच कंपनीच्या विमानातून दीडशेहून अधिक दुभत्या गाई दोहाला उतरवल्या गेल्या! ही कोंडी जानेवारी २०२१ पर्यंत चालली, पण कंपनी उभी राहिली. रात्रपाळीला अपघाताचे दहा रुग्ण एकदम आले, तर सिस्टरने रडत बसायचे नसते. हाताशी काय आहे ते मोजायचे असते. हे त्याच जातीचे शहाणपण आहे.

आता दुसरी बाजू सांगितली नाही, तर आम्ही परिचारिका कसल्या? केसपेपरवर चांगलेच तेवढे लिहीत नाहीत.

जुलै २०१७ मध्ये डब्लिन येथील समारंभात अल बाकर म्हणाले की, अमेरिकन विमानांत प्रवाशांना आज्या वाढतात. आमच्या कर्मचाऱ्यांचे सरासरी वय २६. पुढे त्यांनी माफी मागितली. जून २०१८ मध्ये सिडनीला, आपले पद कठीण असल्याने ते पुरुषानेच सांभाळावे, अशा अर्थाचे ते बोलले. पुन्हा माफी मागावी लागली. भगिनींनो, विमानात कोणाच्या छातीत कळ आली, तर त्या प्रवाशाला सव्वीस वर्षांची देखणी मुलगी हवी असते, की चार माणसांना सावरलेली आजी? आणि कठीण पद बायकांना झेपत नाही म्हणावे, तर डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईचे कामा हॉस्पिटल कसे चालवले? १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मिस रिबेका रूबेन यांनी आपली माझगावची शाळा कित्येक वर्षे कोणाच्या जोरावर उभी ठेवली? त्यांची शिस्त कडक होती, पण त्यांच्यापाशी जाऊन अडचण सांगता येत असे.

याहून गंभीर गोष्ट कर्मचाऱ्यांच्या नियमांची. हवाई सेविका गरोदर राहिली तर तिची नोकरी जाऊ शकेल, अशी तरतूद त्यांच्या करारात होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१५ मध्ये हा भेदभाव ठरवला. त्याच वर्षी नियम बदलून अशा मुलींना तात्पुरते जमिनीवरचे काम देण्याचे ठरले. आपल्या देशाच्या हजारो मुली परिचारिका म्हणून, सेविका म्हणून आखातात राबतात. घरी पैसे पाठवणाऱ्या मुलीने आपली दिवस गेल्याची बातमी भीतीने लपवावी, तर अशा शिस्तीचा उपयोग काय?

वॉर्डाने आम्हांला एक नियम शिकवला. धाकटी नर्स सिस्टरला भिऊ लागली, की ती चुकीचा डोस गेल्याचे सांगत नाही आणि त्याचा भोग रुग्णाला भोगावा लागतो. शिस्त अशी हवी की चादर ताठ राहील, पण तोंड बंद होणार नाही. ड्यूटी संपताना ओव्हर देण्याची पद्धत यासाठीच असते: काय झाले, काय राहिले, कोणावर नजर ठेवायची, सारे मोकळेपणी पुढच्या हाती द्यायचे. सव्वीस वर्षांनंतर अल बाकर यांनीही खुर्ची दुसऱ्याच्या हाती दिली आणि विमाने दुसऱ्या दिवशीही वेळेवर उडाली. कोणत्याही कारभाऱ्याच्या कामाची ही मोठी पावती आहे.

आपली मुले-नातवंडे आज निरनिराळ्या देशांत मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत. त्यांनी किती मजले बांधले, हे आपण कौतुकाने विचारतोच. या पुढे आणखी एक विचारावे: "बाळ, तुझ्या हाताखालचा सर्वांत लहान माणूस तुला वाईट बातमी न भिता सांगू शकतो का?" उत्तर 'हो' असेल, तर त्याला आपला आशीर्वाद द्यावा.