पाचवं पाऊल

मागच्या जानेवारीत भल्या पहाटे आम्ही इंदापूरजवळच्या कडबनवाडीच्या माळरानावर होतो. थंडीनं बोटं इतकी बधिर, की शटर दाबलंय की नाही तेच कळेना. शोधत होतो शॉर्ट-इअर्ड आउल. आपला पिंगळा नाही बरं का! हे घुबड हिवाळ्यात उत्तरेकडून येतं आणि गवतात, चक्क जमिनीवर बसतं. रंग असा, की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

दिसलं! पिवळे डोळे, भोवती काजळ. पण माझ्या ४०० एमएम लेन्समध्येही नखाएवढंच. म्हणून गाडीतून उतरलो. त्यानं मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, वा, पोज देतंय! पाचव्या पावलाला ते उडालं आणि लगेच दोन कोतवाल त्याच्या मागे लागले. दिवसभर निवांत पडून राहायची त्याची जागा मी घालवली. फोटो शार्प आलाय, पण कुठेच टाकला नाही.

यंदा गाडीतच बसलो. इंजिन बंद, काच खाली. दिवस मावळताना ते आपणहून उठलं आणि गवतावरून अगदी खालून घिरट्या घालू लागलं. आयएसओ ६४००, फोटोत नुसता ग्रेन. सध्या माझा वॉलपेपर तोच आहे.