थांबवण्याचा अधिकार



 या संमेलनात सराव, आहार, बूट, वेग यांवर बोलणारी जाणकार मंडळी दिवसभरात तुमच्यासमोर येणारच आहेत. मी बोलणार आहे ती ज्यांच्या गळ्यात पदक पडत नाही त्यांच्याविषयी. गाडी चालवणारा, बाटल्या भरणारा, रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात पायाचे फोड बांधणारा क्रू. रस्त्यावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत सुरक्षिततेचे नियम धावकाइतकेच क्रूसाठी असायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. त्यातला सर्वांत महत्त्वाचा नियम, धावकाला थांबवायचं कोणी, हा आपल्याकडच्या माहितीपत्रकांत मला क्वचितच वाचायला मिळतो.

मॅरेथॉनमध्ये रस्ता बंद असतो, दर थोड्या अंतरावर पाणी असतं, आणि दुपारपर्यंत सगळे घरी पोचतात. अल्ट्राचं, म्हणजे मॅरेथॉनहून लांब पल्ल्याच्या शर्यतीचं, तसं नाही. रस्ता वाहता असतो. रात्र मध्ये येते, कधी दोन रात्री येतात. झोप नसलेला, पोट बिघडलेला, शरीरातल्या क्षारांचा तोल गेलेला माणूस स्वतःविषयी योग्य निर्णय घेऊ शकत नाही. हा इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, मेंदूचाच आहे. अशा वेळी धावकाची अक्कल त्याच्या क्रूकडे असते. म्हणून क्रू कसा वागतो हे नियमात बांधावं लागतं.

या बाबतीत कॅलिफोर्नियातल्या ‘बॅडवॉटर १३५’ या शर्यतीची नियमावली प्रत्येक संयोजकाने वाचावी. डेथ व्हॅलीत समुद्रसपाटीच्या सुमारे ८६ मीटर खाली असलेल्या बॅडवॉटरपासून निघायचं आणि १३५ मैल, म्हणजे २१७ किलोमीटर, धावत व्हिटनी पोर्टलला अडीच हजार मीटर उंचीवर पोचायचं. महिना जुलै, मुदत ४८ तास. याच दरीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं होतं. अल अर्नोल्ड हा मनुष्य १९७७ साली, तिसऱ्या प्रयत्नात, ही वाट धावून गेला. शर्यत म्हणून ती १९८७ पासून सुरू झाली. २०१४ साली राष्ट्रीय उद्यानाच्या प्रशासनाने अशा स्पर्धांच्या सुरक्षिततेचा फेरविचार होईपर्यंत परवानगी थांबवली, आणि त्या वर्षी शर्यत दरीबाहेरच्या मार्गावर न्यावी लागली. २०१५ साली ती परतली ती रात्री सुटण्याची अट स्वीकारून. इतक्या नावाजलेल्या शर्यतीलाही प्रशासनाने थांबवून विचारलं, आणि तिने बदल केला. आपल्याकडे परवानगी म्हणजे पोलीस ठाण्यात दिलेला एक अर्ज आणि त्यावरचा शिक्का, एवढ्यावर काम भागतं. त्यावर समाधान मानू नये, असं मला वाटतं.

तिथले नियम काय सांगतात? गाडी धावकाच्या मागे त्याच्या वेगाने रांगत चालवायची नाही. पुढे जाऊन थांबायचं, धावक आला की त्याला लागेल ते द्यायचं, पुन्हा पुढे जायचं. थांबताना चारही चाकं रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेर हवीत. धावकाने समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावायचं. पेसर, म्हणजे धावकाला सोबत म्हणून धावणारा, एका वेळी एकच, तोही पहिले ४२ मैल झाल्यानंतर, आणि दोघांनी शेजारी शेजारी नाही, एकामागे एक धावायचं. अंधारात पुढे-मागे लुकलुकते दिवे आणि चमकणाऱ्या पट्ट्या धावकाच्या अंगावर हव्यात, तशाच गाडीबाहेर पाय ठेवणाऱ्या क्रूच्याही. धावकाला काही कारणाने वाट सोडून जावं लागलं, तर त्याने आपल्या क्रमांकाची खुंटी तिथे रोवायची आणि परत येऊन तिथूनच पुढे निघायचं. सलाइन लावलं की तो बाद.

यातला पहिला नियम आपल्याकडे सर्रास मोडला जातो. काळजीपोटीच मोडला जातो. धावक एकटा आहे, रात्र आहे, म्हणून क्रू गाडी त्याच्या पाठीमागे हळूहळू हाकत राहतो आणि हेडलाइटच्या उजेडात त्याला धावायला लावतो. आता मागून ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या ट्रकच्या चालकाला काय दिसतं ते पाहा. त्याला आपल्या लेनमध्ये एक गाडी दिसते, तीही चालती वाटते. ती ताशी सात किलोमीटरने चालली आहे हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. तो तिला चुकवायला ट्रक बाहेर काढतो किंवा तिच्यावर आदळतो, आणि गाडीच्या पुढे आपला धावक असतो.

आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, म्हणून समोरच्या वाहनांकडे तोंड ठेवायचं तर धावकाने रस्त्याच्या उजव्या कडेने धावायला हवं. क्रूची गाडी मात्र डाव्या साइडपट्टीवर उभी असते. म्हणजे प्रत्येक बाटलीसाठी कोणीतरी रस्ता ओलांडणार, आणि तो ओलांडणारा धावक नसून क्रू असला पाहिजे. क्रूचा माणूस हातात केळं आणि बर्फाची पिशवी घेऊन, नजर धावकावर ठेवून, पळत रस्ता ओलांडतो. माझ्या मते या खेळातला सर्वांत धोक्याचा क्षण हाच आहे. त्यासाठी साधे नियम करता येतील. गाडीचं दार रस्त्याच्या बाजूने उघडायचं नाही. सामान आधीच पलीकडे नेऊन ठेवायचं. धावक दिसल्यावर ओलांडायचं नाही, तो येण्याआधी ओलांडून उभं राहायचं. घाटात हे सगळं आणखी अवघड होतं. पसरणीसारख्या घाटात साइडपट्टी जवळजवळ नसतेच, आणि उजव्या हाताला आतल्या वळणावर धावक समोरच्या वाहनाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. तिथे ‘उजवीकडून धावा’ एवढं सांगून भागत नाही. कोणत्या वळणाआधी बाजू बदलायची हे संयोजकांनी चालत जाऊन ठरवावं, आणि तिथे शिट्टी घेतलेला माणूस उभा करावा.

रस्त्यावर पायी असणं किती धोक्याचं आहे, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सांगोल्याजवळ जुनोनीला कार्तिकी वारीसाठी निघालेल्या दिंडीत भरधाव गाडी घुसली आणि सात वारकरी गेले. दिंडी म्हणजे टाळ-मृदंगाचा आवाज, पताका, माणसांचा समूह. तीही दिसली नाही, तिथे काळे कपडे घातलेला आणि कानात गाणी लावलेला एकटा धावक कसा दिसणार? कानातली यंत्रं उघड्या रस्त्यावर सरसकट बंद करावीत, या मताची मी आहे.

आता सलाइनविषयी. वैद्यकीय व्यवसायात असल्यामुळे यावर जरा जास्त वेळ घेते. आपल्या गावागावांत सलाइनवर अपार श्रद्धा आहे. अशक्तपणा आला की ‘डॉक्टर, एक सलाइन लावा’ ही मागणी आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तीच श्रद्धा शर्यतीत येते. धावक कोसळला, क्रूने जवळच्या दवाखान्यात नेलं, बाटली लावली, तासाभराने तो उठून पुन्हा धावायला लागला, आणि त्याची गोष्ट कौतुकाने सांगितली गेली. मला त्या गोष्टीची भीती वाटते.

कारण कोसळलेला प्रत्येक धावक पाणी कमी पडलेला नसतो. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनमध्ये, जिथे आता मुंबई-पुण्याहूनही पुष्कळ लोक जातात, १९८१ साली एक धावपटू अत्यवस्थ झाली. तिच्या रक्तातलं सोडियम धोक्याइतकं खाली गेलं होतं, कारण तिने गरजेपेक्षा फार जास्त पाणी प्यायलं होतं. टिम नोक्स या शास्त्रज्ञाने १९८५ साली अशा रुग्णांवर निबंध लिहिला. पुढे २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं होतं त्यांच्यात हा धोका ठळक दिसला. अल्ट्रात पिण्यासाठी मिळणारे तास त्याहून कितीतरी जास्त असतात.

मळमळ, डोकेदुखी, उलटी, गोंधळलेलं बोलणं ही लक्षणं पाणी कमी पडल्यावर दिसतात, तशीच जास्त झाल्यावरही दिसतात. क्रूने मग काय पाहावं? बोटं सुजून अंगठी घट्ट झाली आहे का, घड्याळाचा पट्टा रुतला आहे का, आणि शक्य असेल तर वजन. शर्यतीआधीच्या वजनापेक्षा ते वाढलेलं असेल, तर ‘पी, आणखी पी’ म्हणणं थांबवा. अशा रुग्णाला नेहमीची सलाइन भराभर दिली तर प्रकृती आणखी बिघडू शकते. त्याला लागतं ते तीन टक्क्यांचं मिठाचं द्रावण, तेही डॉक्टरच्या हातून. म्हणून ‘सलाइन लागलं की बाद’ हा नियम मला कठोर वाटत नाही. ज्या शरीराला सुई टोचावी लागली त्याने त्या दिवशी पुन्हा रस्त्यावर येऊ नये.

वेदनाशामक गोळ्यांचंही तसंच. क्रूच्या पेटीत आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक हमखास असतं. तासन् तास धावताना मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आधीच कमी झालेलं असतं, या गोळ्या ते आणखी कमी करतात. अल्ट्रा धावकांवर झालेल्या चाचणीत आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाला इजा झाल्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. या गोळ्या पेटीतून काढून टाका. आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर शर्यत तिथे संपली असं समजा.

उष्माघाताबद्दल एकच आग्रह धरते. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर आणि वागण्यात गोंधळ, एवढं दिसलं की आधी गार करायचं, मग हलवायचं. हातात अर्धा तास असतो, आणि आपल्या महामार्गांवर तो रुग्णवाहिकेची वाट पाहण्यातच जातो. टब नसेल तर ताडपत्री चालते. चौघांनी कडा उचलून धरायच्या, धावकाला त्यात निजवायचं, पाणी आणि बर्फ ओतायचा आणि हलवत राहायचं. ताडपत्री आपल्या कोणत्याही गावात मिळते. काखेतला किंवा कपाळावरचा ताप मात्र अशा वेळी फसवतो, गुदद्वारातूनच तो घ्यावा लागतो. या गोष्टीचा आपल्याला संकोच वाटतो. म्हणून प्रत्येक वैद्यकीय पथकात स्त्री असावी, आडोशाला पडदा असावा, आणि नाव नोंदवतानाच धावकाची संमती घेतलेली असावी.

आता थंडीचा एक अनुभव जगाने घेतलेला. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ धावक निघाले आणि अचानक आलेल्या वादळी थंडीत २१ जण गेले. वारा अडवणारं जाकीट तिथे सक्तीचं नव्हतं, फक्त सुचवलेलं होतं. झू केमिंग नावाच्या मेंढपाळाने सहा जणांना गुहेत आसरा देऊन वाचवलं. आपल्या घाटांत पावसाळी रात्री भिजलेला, दमलेला धावक असाच गारठतो. ज्या वस्तूवाचून जीव जाऊ शकतो ती ‘आणल्यास बरे’ या यादीत ठेवू नका.

आता थांबवण्याविषयी. ग्रीसमधल्या स्पार्टाथलॉनमध्ये २४६ किलोमीटरच्या वाटेवर ७५ नाकी आहेत, आणि नाक्यावरची वेळ चुकली की धावक बाहेर. अनेकांना कटऑफ ही शिक्षा वाटते. मला तो सुरक्षिततेचा नियम वाटतो, कारण तो धावकाला न विचारता त्याला थांबवतो. पण दोन नाक्यांच्या मधल्या अंधारात हा निर्णय क्रूलाच घ्यावा लागतो, आणि तिथे क्रू एकटा पडतो. वर्षभराचा सराव समोर असतो, प्रवेश शुल्क भरलेलं असतं, गावाकडचा व्हॉट्सॲप गट जागा असतो, आणि स्वतः धावक गयावया करून म्हणत असतो, ‘फक्त पुढच्या नाक्यापर्यंत.’ अशा वेळी पंचवीस वर्षांच्या मित्राने कोणत्या बळावर नाही म्हणायचं? ते बळ नियमाने द्यायला हवं.

माझी सूचना अशी. शर्यतीआधी धावकाने आपल्या क्रूमधल्या एका व्यक्तीचं नाव लिहून द्यावं आणि तिचा थांबवण्याचा निर्णय आपल्यावर बंधनकारक राहील असं सही करून कबूल करावं. ती व्यक्ती शक्यतो जोडीदार किंवा आईवडील नसावी. माया माणसाला लवकर घाबरवते किंवा फार उशिरापर्यंत आशेवर ठेवते. तिने दर नाक्यावर धावकाला चार प्रश्न विचारावेत. आज वार कोणता, मागचं नाकं कोणतं, शेवटचं काय खाल्लंस, लघवी केव्हा झाली. उत्तरं अडखळली तर बसवावं, अर्ध्या तासाने पुन्हा विचारावं, तरी अडखळली तर गाडीत घ्यावं. वैद्यकीय अधिकाऱ्याचा शब्द तिच्याही वर असावा.

आणि ज्याच्यावर ही जबाबदारी टाकायची त्याला झोप मिळाली पाहिजे. पहाटे तीन ते पाच या वेळात धावकापेक्षाही गाडीच्या चाकामागचा माणूस जास्त धोक्यात असतो. धावक पेंगला तर पडेल, चालक पेंगला तर कोणाला तरी मारेल. म्हणून प्रत्येक गाडीत परवानाधारक दोन चालक हवेत, आणि त्यांपैकी कोणीही पेसर म्हणून धावणारा नको.

शेवटची गोष्ट नियमपुस्तिकेच्या भाषेची. आपल्या बहुतेक शर्यतींची पत्रकं इंग्रजीत असतात. धावक ती वाचतो. भाड्याने घेतलेल्या गाडीचा चालक, नाक्यावर पाणी देणारा गावातला तरुण, चौकातला होमगार्ड यांच्या हातात ती पडत नाहीत. वाहनाचे, रस्ता ओलांडण्याचे, ताडपत्रीचे नियम त्यांच्यासाठीच तर आहेत. ते एका पानावर, मोठ्या अक्षरांत, मराठीत छापून प्रत्येक गाडीच्या काचेवर लावणं कोणत्याही संयोजकाला परवडणारं आहे.

दुपारच्या सत्रात तीन ठराव मांडले जातील. धावकाच्या मागे गाडी रांगत नेण्यास बंदी आणि तसं आढळल्यास धावक बाद. प्रत्येक क्रूमध्ये थांबवण्याचा लेखी अधिकार असलेली एक व्यक्ती. आणि क्रूसाठी मराठी नियमपत्रक. येत्या हंगामात ज्यांच्या शर्यती आहेत ते संयोजक या सभागृहात बसले आहेत. त्यांनी हे ठराव मंजूर तर करावेतच, पण नोंदणी सुरू होण्याआधी आपल्या नियमावलीत ते घालावेत, अशी त्यांना माझी हात जोडून विनंती आहे.