अन्नाचे दुसरे पचन

माणसाने खाल्लेल्या अन्नाचे पचन दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा मुख्यतः जठर आणि लहान आतड्यात पार पडतो. तिथे शरीराची स्वतःची विकरे पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ फोडतात आणि त्यांतले पोषक घटक रक्तात शोषले जातात. धान्याचा कोंडा, कडधान्यांची साले, भाज्यांचा चोथा यांतले तंतू फोडणारी विकरे मात्र मानवी शरीर तयार करत नाही. ते न पचता मोठ्या आतड्यात उतरतात. तिथला दुसरा टप्पा जीवाणूंच्या हाती असतो.

२०१६ मधील एका अंदाजानुसार प्रौढ शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. प्राणवायू जवळजवळ नसलेल्या त्या जागी ते तंतू आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींना लागणारी बहुतांश ऊर्जा ब्युटिरेट पुरवते. दाह आटोक्यात ठेवणाऱ्या प्रतिकारपेशी वाढण्यासही त्याची मदत होते.

तंतू मिळाले नाहीत, तरी जीवाणू उपाशी बसत नाहीत. २०१६ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात तंतूविरहित आहार दिल्यावर काही जीवाणू आतड्याच्या अस्तरावरील श्लेष्माचा थरच खाऊ लागले. थर पातळ झाला आणि रोगजंतूंना अस्तरापर्यंत पोहोचणे सोपे गेले.

एकाच अन्नाचे परिणामही जीवाणूंनुसार बदलतात. तांबड्या मांसातील कार्निटिनपासून काही जीवाणू ट्रायमिथाइलअमाइन बनवतात. यकृतात त्याचे ऑक्सिडीकरण होऊन बनणारे द्रव्य रक्तात जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळते. मात्र ते द्रव्यच विकाराचे कारण आहे का, यावर मतभेद आहेत. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या २०१३ मधील अभ्यासात, नेहमी मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी व्यक्तींच्या शरीरात कार्निटिनपासून हे द्रव्य कमी तयार झाले. रोजचा आहार कोणते जीवाणू टिकवायचे हे ठरवतो आणि टिकलेले जीवाणू पुढच्या अन्नाचे काय होणार हे ठरवतात.

ही जडणघडण जन्मापासून सुरू होते. आईच्या दुधात काही संयुक्त शर्करा असतात. त्या बाळाला पचत नाहीत, पण बायफिडोबॅक्टेरियम गटातील जीवाणूंचे ते खाद्य असते. वरचे अन्न सुरू झाल्यावर नवे जीवाणू येतात आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत हा समूह प्रौढांच्या समूहासारखा होतो. ढाक्यातील कुपोषित बालकांमध्ये या समूहाची वाढ वयाच्या मानाने मागे राहिलेली असते आणि नेहमीच्या पूरक आहाराने ती पुरेशी भरून निघत नाही, असे २०१४ मध्ये दिसले. हा समूह सुधारेल अशा बेताने तिथल्या व अमेरिकेतल्या संशोधकांनी हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे आणि कच्ची केळी यांचे मिश्रण तयार केले. ढाक्याच्या मीरपूर भागातील १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना ते तीन महिने देण्यात आले. प्रचलित पूरक आहारापेक्षा त्यात उष्मांक कमी होते, तरीही त्यावरच्या मुलांचे वजन अधिक वेगाने सुधारले. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कुपोषणावर उपाय करताना केवळ उष्मांक मोजून भागत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

भारतीयांच्या आतड्यांचे चित्रही आहाराशी जुळते. भोपाळ आणि केरळमधील लोकांच्या २०१९ मधील अभ्यासात, वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांमध्ये तंतू फोडणारे प्रीव्होटेला जीवाणू विपुल आढळले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारी किंवा बाजरीत सुमारे १० ते ११ ग्रॅम तंतू असतात, तर पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तीन ग्रॅमहून कमी. भाकरीची जागा पाव-बिस्किटांनी घेतली, की मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचणारे खाद्यच घटते.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतूंची शिफारस केली आहे. धान्य, कडधान्ये, भाज्या आणि फळे आलटून पालटून खाल्ल्यास निरनिराळ्या जीवाणूंना निरनिराळे तंतू मिळतात. तंतूंचे प्रमाण एकदम वाढवल्यास पोट फुगते. ते हळूहळू वाढवल्यास जीवाणूंचा समूह नव्या आहाराशी जुळवून घेतो.