आभाळातली गार जागा



आज मी तुम्हाला आभाळाची गोष्ट सांगणार आहे. आपलं आणि आभाळाचं नातं जुनं. मृग लागला की आपण रोज वर बघतो. ढग भरून आले की जीव भांड्यात पडतो. पण त्या ढगांच्याही वर काय आहे, हे कधी तुमच्या मनात आलं का?

एक प्रश्न विचारतो. उंच गेलं की गरम होतं की गार? कोणी म्हणेल, गरम. सूर्य जवळ येतो ना! पण महाबळेश्वराला जाऊन आलेला माणूस म्हणेल, गार. त्याचं बरोबर आहे.

आता दुसरा प्रश्न. ढग जिथवर चढतात, तिथवरच्या हवेत सर्वांत गार हवा कुठे असेल? आपल्यासारख्या उन्हाच्या मुलखावर, की बर्फाच्या मुलखावर? सगळे म्हणतील, बर्फाच्या. मलाही तसंच वाटायचं. पण मोजून पाहिलं तेव्हा उलटंच निघालं. ज्यांनी ते दाखवून दिलं, त्या माणसाची ही गोष्ट.

त्यांचं नाव कल्पाती रामकृष्ण रामनाथन. केरळात पालघाटजवळ कल्पाती नावाचं गाव आहे. तिथं १८९३ साली त्यांचा जन्म झाला. आधी त्यांनी त्रिवेंद्रमला कॉलेजात शिकवलं. १९२१ साली ते कलकत्त्याला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली काम करायला गेले. मग १९२५ साली ते सरकारच्या हवामान खात्यात आले. या खात्याची मुख्य कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आली. पुण्याचे लोक त्या इमारतीला आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. रामनाथन तिथं काम करू लागले.

त्या काळी वरच्या हवेची खबर कशी काढत? आग्र्याला खात्याची एक वेधशाळा होती. तिथून रबराचे मोठे फुगे सोडत. फुग्यात हलका वायू भरत आणि खाली एक छोटं यंत्र बांधत. यंत्रात टपालाच्या तिकिटाएवढा पत्रा असे. हवा किती गार आहे, तिचा दाब किती आहे, याच्या बारीक रेघा सुईनं त्या पत्र्यावर उमटत. फुगा वर जाई तसतसा मोठा होई आणि शेवटी फुटे. यंत्र खाली पडे. कुठे? कुणाच्या तरी शेतात, नाही तर रानात. म्हणून त्याला एक चिठ्ठी बांधलेली असे: ज्याला सापडेल त्यानं परत पाठवावं, बक्षीस मिळेल.

जरा विचार करा. एखाद्या शेतकऱ्याला औत हाकताना हे यंत्र सापडलं. त्यानं ते पोरांना खेळायला दिलं असतं, तर? आभाळाचा निरोप तिथंच मातीत गेला असता. पण शेतकऱ्यांनी, गुराख्यांनी अशी यंत्रं परत पाठवली. मग पत्र्यावरच्या रेघा सूक्ष्मदर्शकाखाली धरून वाचल्या गेल्या.

रामनाथन यांनी आग्र्याचे आकडे घेतले. युरोपातल्या फुग्यांचे घेतले, जावा बेटावरचेही घेतले. ते सगळे शेजारी शेजारी मांडले. तेव्हा चित्र स्पष्ट झालं. पृथ्वीच्या मधल्या, सर्वांत तापणाऱ्या पट्ट्यावर, सुमारे १७ किलोमीटर उंचीवर, अतिशय गार हवेचा थर होता. पाण्याचं बर्फ होतं तो शून्य अंश धरा. ही हवा त्याच्याही खाली ८० अंशांहून गार होती! १९२९ साली त्यांनी हे 'नेचर' नावाच्या विलायती साप्ताहिकात छापलं.

असं का होतं? सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडा आणि तिथं बोट धरा. हवा गार लागते. दाबातून सुटली की हवा फैलावते आणि फैलावताना गार होते. वर दाब कमी असतो. म्हणून वर चढणारी हवा फैलावत जाते, गार होत जाते. उन्हाच्या मुलखात जमीन फार तापते. तिथले ढग १६-१७ किलोमीटर चढतात, म्हणजे जवळजवळ दोन एव्हरेस्ट! बर्फाच्या मुलखात ही चढण आठ-नऊ किलोमीटरवर संपते. चढण मोठी, तेवढा गारठा जास्त.

त्याच्या वर मात्र हवा पुन्हा ऊबदार होऊ लागते. ती ऊब ओझोन नावाच्या वायूमुळे येते. सूर्याच्या किरणांत काही घातक किरण असतात. त्यांनी कातडी भाजते, डोळे बिघडतात, पिकांनाही अपाय होतो. त्यांतले बहुतेक किरण ओझोन वरच्या वर अडवतो. आणि हा ओझोन आहे तरी किती? सगळा खाली आणून जमिनीवर पसरला, तर थर होईल जेमतेम तीन मिलिमीटरचा. जोंधळ्याच्या दाण्याएवढा!

या ओझोनचा अभ्यास रामनाथन यांनी जन्मभर केला. सूर्य कलताना डोक्यावरच्या आभाळातून येणारा उजेड मोजून, कोणत्या उंचीवर किती ओझोन आहे, ते त्यांनी करंदीकर नावाच्या शास्त्रज्ञांबरोबर शोधलं. १९४८ साली खात्यातून निवृत्त झाल्यावर ते घरी बसले नाहीत. अहमदाबादेत विक्रम साराभाईंनी नवी प्रयोगशाळा काढली होती. रामनाथन तिचे पहिले संचालक झाले. १९६६ पर्यंत त्यांनी ती सांभाळली आणि नंतरही अभ्यास सोडला नाही. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. १९८४ साली, नव्वदी ओलांडून, ते वारले.

कोणी विचारील, एवढं मोजून काय मिळालं? ऐका. पुढच्याच वर्षी, १९८५ साली, इंग्रज शास्त्रज्ञांनी जगाला सांगितलं, की दक्षिण ध्रुवावरचा ओझोन दर वसंतात झपाट्यानं कमी होतो आहे. त्यांच्याकडे मागच्या पंचवीस-तीस वर्षांच्या मोजणीच्या वह्या होत्या, म्हणून तर त्यांना हे कळलं. फ्रीजमध्ये वापरायचे काही वायू याला कारण होते. १९८७ साली देशांनी करार केला आणि ते वायू हळूहळू बंद केले. आता ते भगदाड सावकाश भरून येत आहे. जुनी मोजणी नसती, तर पांघरूण फाटल्याचं कुणाला उशिरापर्यंत कळलंही नसतं.

फुगे आजही रोज वर जातात. आता यंत्र बिनतारी संदेशानं आपले आकडे लगेच खाली पाठवतं. पण मोजावं आणि मोजलेलं खरं खरं लिहून ठेवावं, हा धडा जुनाच आहे.

तुम्ही आता लिहायला शिकलात. मग येत्या मृगापासून एक करा. अंगणात उघड्यावर सरळ काठाचं डबडं ठेवा. रोज सकाळी ठरल्या वेळी त्यातलं पाणी पट्टीनं मोजा आणि ओतून टाका. वहीत तारीख लिहा, पुढे पाऊस लिहा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा. अंदाजानं मात्र काही लिहू नका. दहा वर्षांनी गावात पावसावरून वाद निघाला, तर ती वही पुढे ठेवता येईल.

राम राम.