मानवी हक्क : सासवड आणि कनेरसर



मानवी हक्कांचा विषय निघाला की आपणांस दूरचे देश आठवतात. बेलारूसचे आलेस बिअलियात्स्की यांना २०२२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा ते तुरुंगात होते. परंतु हाच प्रश्न आपल्या पुणे जिल्ह्याच्याही दारात येऊन गेला आहे.

जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. ‘मिसा’खाली हजारो माणसे खटल्याविना स्थानबद्ध झाली, आपल्या शेजारचे येरवडा कारागृहही त्यांना परिचित झाले. गाड्या वेळेवर धावतात, दुकानांत भावफलक लागले, म्हणून समाधान मानणारे आम्हा व्यापाऱ्यांत थोडे नव्हते. भावफलक चांगलाच, पण तो लावण्यासाठी माणसे डांबावी लागत नाहीत!

आम्हांस का धरले, एवढे तरी न्यायालयात विचारता येईल का, असा स्थानबद्धांचा प्रश्न होता. नऊ उच्च न्यायालयांनी त्यांचा अधिकार मान्य केला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे स्थानबद्धांच्या वकिलांत होते सासवडचे वि. म. तारकुंडे. समोरच्या पाच न्यायमूर्तींत होते यशवंत विष्णु चंद्रचूड. त्यांचे घराणे आपल्या चाकणच्या पलीकडील, खेड तालुक्यातल्या कनेरसरचे. पोलिसाने वैरापोटी कोणाचा जीव घेतला तर काय, असे न्या. हंसराज खन्ना यांनी विचारले. आणीबाणी आहे तोवर दाद नाही, असे सरकारतर्फे उत्तर आले.

२८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक असा निर्णय झाला. चंद्रचूड चौघांत होते. विरोधात एकटे खन्ना. पुढे जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठास सरन्यायाधीश नेमण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला. चंद्रचूडांना दूषणे देण्याचा माझा हेतू नाही. ते विद्वान होते, कायद्याचे गाढे जाणकार होते. विद्वत्तेच्या भरवशावर हक्क सोडून निश्चिंत होता येत नाही, ही धास्ती मात्र मला त्यामुळेच वाटते.

तारकुंडे निकाल हरले, तरी थांबले नाहीत. त्याच वर्षी जयप्रकाशजींसमवेत त्यांनी नागरी स्वातंत्र्यासाठी संघटना उभारली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरले. तो जुना निर्णय मात्र कागदोपत्री तसाच राहिला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. तसे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव.