उपमा नको, काय आहे ते सांग

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



फोटोंविषयी रेडिओवर बोलायला या, असं निमंत्रण आलं तेव्हा मला आधी हसूच आलं. फोटो तुम्हाला दिसणार नाहीत, आणि मी काही धंद्याने फोटोग्राफर नाही. बी. ए. झालो, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब लिहिण्याची नोकरी धरली आणि उरलेल्या वेळात मराठीत कविता लिहिल्या. पण मग लक्षात आलं, की न दिसणारा फोटो शब्दांत सांगायचा, हे काम मी घरी रोजच करतो आहे. ते कसं, हेच आज सांगतो.

मी बोईसरला राहतो. बाहेरच्या माणसाला बोईसर-तारापूर म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे १९६९ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, आणि दुसरी म्हणजे कारखाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची पाहणी केली, तिच्यात प्रदूषणाच्या बाबतीत तारापूरचा क्रमांक सगळ्यांत वरचा होता. रात्री आमच्याकडचं आकाश काळं नसतं, नारिंगी असतं. अशा गावात फुलं आणि फुलपाखरं कुठून, असं कुणी विचारलं तर त्याला दोष देता येणार नाही.

पण आमच्या घरामागे दहा बाय पंधरा फुटांची परसबाग आहे. ती माझी नाही, अम्माची आहे. अम्मा पालघरजवळच्या माहीमची. केळवे-माहीमच्या वाड्यांत, पानवेली आणि केळींच्या सावलीत तिचं आयुष्य गेलं. वडील गेल्यावर ती आमच्याकडे आली, तेव्हा लोकलमध्ये मांडीवर लिंबाचं रोप घेऊन बसली होती. पालघर, उमरोळी, बोईसर, एवढाच प्रवास. पण रोपाला धक्का लागू नये म्हणून तिने कुणाला शेजारी टेकू दिलं नाही. त्या रोपाचं आता झाड झालं आहे. त्याच्या बाजूला कढीपत्ता, जास्वंद, मोगरा आणि सब्जा. सब्जा आमच्यात कबरीवर लावतात. अम्माने तो दारात लावला. म्हणाली, "मेलेल्यांनीच का वास घ्यायचा?"

तीन-चार वर्षांपूर्वी अम्माच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजू लागला. समोर बघितलं की मधोमध काळा डाग आणि कडेने थोडं दिसायचं. चेहरे ओळखू येईनात. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, आहे ते जपा. बागेत ती हाताने चाचपून फिरायची. एक दिवस म्हणाली, "जास्वंद फुललीय ते कळतं. पण तिच्यावर कोण आलंय ते कळत नाही."

त्याच सुमारास माझ्या भाच्याने मला एक छोटं भिंग दिलं. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिमट्याने बसवायचं. त्याची गंमत अशी, की वस्तू दोन-तीन सेंटिमीटरवर आणल्याशिवाय काहीच दिसत नाही, आणि आणली की मुंगीच्या मिशा दिसतात. मी फोटो काढायचा, तो टीव्हीच्या पडद्यावर लावायचा आणि अम्माने पडद्याला जवळजवळ नाक लावून, मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने बघायचं, असा आमचा नेम सुरू झाला.

सुरुवातीचे शंभरेक फोटो वाया गेले. जितकं जवळ जावं तितकी स्पष्ट दिसणारी पट्टी बारीक होत जाते. माशीचा डोळा नीट आला, तर पंख धूसर. श्वास सोडला तरी चित्र हलतं. वाऱ्याची झुळूक आली, की फूल चौकटीबाहेर. हळूहळू काही गोष्टी कळल्या. कीटकांचं अंग बाहेरच्या हवेइतकंच गार होतं, म्हणून पहाटे ते सुस्त असतात. तेव्हाच जावं. डोळा स्पष्ट आला पाहिजे, बाकीचं गेलं तरी चालेल. ऊन कडक असेल तर मध्ये बटर पेपर धरावा. सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा ठेवला, की उजेड परततो. आणि एक नियम मी स्वतःला घालून घेतला: फांदी तोडायची नाही, किडा उचलून दुसरीकडे ठेवायचा नाही. काही जण कीटकाला फ्रिजमध्ये गार करून फोटो काढतात. तसं करायचं नाही.

पहिला उन्हाळा भुंग्याचा होता. घराच्या मागच्या पडवीत जुना लाकडी वासा आहे. त्याच्याखाली रोज भुसा पडायचा. वर पाहिलं तर पेन्सिल जाईल एवढं गोल भोक, आणि आत काळाभोर भुंगा. ज्ञानेश्वरीत दृष्टांत आहे, की कोरडं लाकूड कोरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. हा दृष्टांत मी कॉलेजात शिकलो, भाषणांत वापरला. पण लाकूड कोरणारा भुंगा खरोखर असतो, हे पन्नाशी उलटल्यावर डोक्यावर भुसा पडला तेव्हा कळलं. सातशे वर्षांपूर्वी माउलींनी तो पाहिला होता. मी फक्त वाचला होता. पुढे फोटोत आणखी एक दिसलं. लांब नळीसारखं फूल असलं, की हा भुंगा तोंडाने आत शिरायच्या भानगडीत पडत नाही. बुडाशी चीर पाडतो आणि मध पिऊन जातो. अम्माला सांगितलं तर म्हणाली, "मागच्या दाराने."

मग जून आला. पहिला मोठा पाऊस पडून गेला आणि सकाळी ओल्या मातीवर लालभडक मखमलीचा ठिपका चालताना दिसला. टीव्हीवर लावताक्षणी अम्मा म्हणाली, "मृगाचा किडा! माहीमला हा दिसला की बाबा पेरणीचं बोलायचे." मी फोटोत पाय मोजले. आठ भरले. म्हणजे तो कीटक नव्हे, कोळ्याच्या गोतातला. अम्माला त्याचं काही नवल वाटलं नाही. तिला आनंद झाला तो ओळखता आलं याचा. कितीतरी दिवसांनी तिने कुणाला तरी पाहून ओळखलं होतं.

आता जे सांगायचं आहे, ते सांगायला थोडी लाज वाटते. त्याच पावसाळ्यात मी लिंबाच्या पानावरची एक अळी टिपली. गुबगुबीत, हिरवी. भिंग फारच जवळ गेलं असावं, कारण तिने एकदम डोक्यामागून नारिंगी रंगाचं दोन फाट्यांचं शिंग बाहेर काढलं आणि उग्र वास आला. फोटो छान आला होता. मी कौतुकाने पडद्यावर लावला. अम्माने मान तिरकी करून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "याच्यावरच औषध मारतोस ना तू?"

खरं होतं. लिंबाची पानं कुरतडलेली दिसली, की मी बाजारातून बाटली आणून फवारा मारायचो. सलग चार वर्षं. लहान असताना ही अळी पक्ष्याच्या शिटेसारखी काळी-पांढरी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. मला ती दोन्ही रूपांत फक्त कीड वाटली. अंड्यापासून साधारण महिन्याभरात तिचं पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू होतं, हे मला माहीत नव्हतं. महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्या नीलवंताची, म्हणजे ब्लू मॉर्मॉनची अळीसुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. आणि ज्या वर्षी फुलपाखरावरच्या माझ्या कवितेला संमेलनात टाळ्या पडल्या, त्याच वर्षी मी झाडाखालून मेलेल्या अळ्या, ढालकिडे आणि कोळी झाडूने गोळा करून फेकले होते. कविता माझीच होती आणि झाडूही माझ्याच हातात होता.

मी अम्माला म्हणालो, "पानं खातात गं ती." ती म्हणाली, "झाड मोठं झालं ना आता. तीही खातील, आपणही खाऊ." बाटली मी पुन्हा आणली नाही. झाड मेलं नाही. काही पानं जातात. काही अळ्या गांधीलमाश्या नेतात, काही पक्षी नेतात. लिंबं येतात.

त्यानंतर माझ्या कवितेचंच मला अवघड झालं. माझ्या कानावर दोन परंपरांचे संस्कार आहेत. एका बाजूला कमळातला भ्रमर, दुसऱ्या बाजूला उर्दू गझलेतला शमेवर जीव देणारा परवाना. मागच्या दाराच्या दिव्याभोवती पतंग घिरट्या घालतात, त्यांचे फोटो काढताना मला वाटे, हाच तो आशिक. २०२४ साली शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्यांनी पतंगांचं उडणं टिपून दाखवलं, की ते दिव्याकडे झेपावतच नाहीत. उजेड ज्या बाजूला, ती वरची बाजू, असं समजून ते उजेडाकडे पाठ करतात. लाखो वर्षं उजेड आकाशातूनच येत होता, त्यामुळे त्यांचं बरोबर होतं. दिवा लागला, की त्यांची वर-खाली ही जाणीव बिघडते आणि ते गोल फिरत राहतात. म्हणजे आमचा आशिक मुळात वाट चुकलेला आहे. आता रात्री काम नसलं, की मी मागचा दिवा बंद करतो. आकाश नारिंगी आहे त्याला माझा इलाज नाही, पण माझा दिवा माझ्या हातात आहे.

पाऊस ओसरला, की ऑक्टोबरात चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्याकडे पिवळसर चतुरांचे थवे दिसतात. चार्ल्स अँडरसन नावाच्या संशोधकाने मालदीवमध्ये बरीच वर्षं निरीक्षणं करून २००९ साली मांडलं, की हे चतुर भारतातून निघून वाऱ्याच्या साथीने समुद्र ओलांडतात आणि पूर्व आफ्रिका गाठतात. आमच्या सब्जाच्या सुक्या काडीला लटकलेला असा एक चतुर मी टिपला. त्याच्या पंखाची एक कड फाटलेली होती. तो फोटो मी पडद्यावर लावला, तेव्हा अम्मा पुढे झाली, मान इकडून तिकडे वळवली आणि मागे येऊन बसली. म्हणाली, "आता नाही दिसत रे. तूच सांग."

मी सांगू लागलो. पंख काचेसारखे, डोळे माणकासारखे, अंग सोन्याच्या काडीसारखं. तिने मला थांबवलं. "सारखं सारखं काय लावलंस? तुझ्या उपमा नको. काय आहे ते सांग."

श्रोतेहो, तीस वर्षं कविता लिहिणाऱ्या माणसाला यापेक्षा कठीण परीक्षा कुठली? मी पुन्हा फोटो बघितला. म्हणालो, चार पंख आहेत. आरपार दिसतं. आत बारीक शिरांची जाळी आहे. डोळे डोक्यापेक्षा मोठे वाटतात, वर तांबूस, खाली करडे. मागच्या उजव्या पंखाचा तुकडा गेला आहे. अम्मा म्हणाली, "आणि तसाच समुद्रावर जाणार?" मी म्हणालो, "हो."

तेव्हापासून आमचा नेम बदलला. फोटो मी काढतो, पण तो आता माझ्यासाठी आहे, पाहून नीट सांगता यावं म्हणून. बायको म्हणते, तुम्ही हल्ली कमी बोलता आणि बरं बोलता.

शेवटी गेल्या नोव्हेंबरातला एक फोटो सांगतो. पहाटेचे साडेसहा वाजले आहेत. सब्जाची एक वाळलेली काडी. तिच्यावर पाच माश्या एकाखाली एक आहेत. पोटावर निळे पट्टे. पायांनी काडी धरलेली नाही, जबड्यांनी धरली आहे, आणि सगळं अंग हवेत आहे. त्या झोपल्या आहेत. या जातीचे नर रात्री असेच झोपतात, बहुधा रोज त्याच जागी. अंगावरच्या केसांवर दवाचे थेंब आहेत. सगळ्यांत खालचीच्या डोळ्यावर एक थेंब आहे.

एवढं सांगून मी थांबलो. अम्माने विचारलं, "मग जाग कधी आली त्यांना?"

"ऊन काडीवर आलं तेव्हा. वरची आधी उडाली."

"आणि थेंबवाली?"

"ती शेवटी. तिने पुढच्या पायाने डोळा पुसला आणि गेली."

अम्मा समाधानाने म्हणाली, "उद्या परत बघ."

श्रोतेहो, तुमच्याही खिडकीत एखादी कुंडी असेल. भिंग नसलं तरी चालेल. उद्या सकाळी दहा मिनिटं तिच्याजवळ बसा आणि जे दिसेल ते घरातल्या कुणाला तरी सांगा. आमच्या घरी आज अम्मा हे भाषण ऐकायला रेडिओजवळ बसली असणार. काही सांगायचं राहिलं असेल, तर घरी गेल्यावर ती विचारीलच.

नमस्कार.