पिशवीवरचा हेप्टा

लातूरच्या आडतीवर सोयाबीनचा ढीग पडला, की भाव बोलण्याआधी ओलावा मोजतात. आडतीच्या भाषेत ‘हवा’. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्क्यांची मर्यादा. २०२४च्या खरिपात केंद्राने ती १५पर्यंत सैल केली, तेव्हा कुठे अनेकांचा माल काट्यावर चढला. दोन-तीन टक्के पाण्यासाठी एवढी हुज्जत घालणारा शेतकरी पेरणीच्या तोंडावर झिंक सल्फेटची पिशवी आणतो, आणि तिच्यात पाणी किती हे विचारतसुद्धा नाही. श्रोतेहो, त्या पिशवीत ४४ टक्क्यांच्या आसपास पाणी असू शकतं!

भेसळ नव्हे ही. हातात घ्या, दाणे कोरडे लागतील. झिंक सल्फेटच्या एकेका घटकामागे पाण्याचे सात रेणू स्फटिकात ठाण मांडून बसलेले असतात, म्हणून ते हेप्टाहायड्रेट. नुसत्या झिंक सल्फेटचा रेणुभार १६१.५, सात पाण्यांचा १२६, बेरीज २८७.५. आता १२६ला २८७.५ने भागा. बेरीज बरं का! सूत्रात झिंक सल्फेट आणि पाणी यांच्यामध्ये येणारं टिंब गुणाकाराचं नाही. ‘नीट’च्या तयारीसाठी लातूर-नांदेडला येऊन राहिलेली हुशार पोरंही इथे ठेच खातात, आणि काही जण तर पाणी हिशेबात धरायचंच विसरतात.

दुकानात झिंक सल्फेट दोन तऱ्हेचं मिळतं: हेप्टाहायड्रेट आणि मोनोहायड्रेट, म्हणजे हेप्टा आणि मोनो. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे हेप्टात जस्त किमान २१ टक्के हवं, मोनोत ३३ टक्के. मोनोत पाण्याचा रेणू एकच, वजनाच्या १० टक्के. मराठवाड्याच्या चुनखडीच्या काळ्या रानात जस्त कमी पडतं, म्हणून हेक्टरी २५ किलो हेप्टा टाकायला सांगतात. त्याच जस्तासाठी मोनो १६ किलो पुरतं. तेव्हा भाव किलोचा पाहू नका, जस्ताचा पाहा. हिराकसातही, म्हणजे फेरस सल्फेटातही, सातच पाणी, ४५ टक्के.

पुन्हा सांगतो, कारण इथेच घोटाळा होतो. सोयाबीनची हवा उन्हात उतरते, पावसात चढते; ती वाढली की भाव पाडणं रास्त. स्फटिकात बसलेलं पाणी, म्हणजे स्फटिकजल, तसं नाही. ते ठरलेल्या प्रमाणातच असतं, आणि नावातच सांगितलेलं असतं. त्याला खोट म्हणू नका, फक्त मोजा.

मोरचुदात, म्हणजे कॉपर सल्फेटात, पाणी पाच. ५ ग्रॅम मोरचूद परीक्षानळीत नीट तापवलं, तर निळा रंग जाऊन ३.२ ग्रॅम पांढरी भुकटी उरते; थेंबभर पाणी घाला, पुन्हा निळी. बोर्डो मिश्रणासाठी १०० लिटरला १ किलो मोरचूद घेता ना? त्यात तांबं जेमतेम पाव किलो! धुण्याच्या सोड्यात तर दहा पाणी, ६३ टक्के, आणि तो मात्र कोरड्या हवेत आपलं पाणी सोडत जातो. म्हणजे ठरलेलं प्रमाणही... पण ती गोष्ट लांबेल, घड्याळ पुढे सरकलंय. प्लास्टर ऑफ पॅरिसमधलं अर्धं पाणीही राहिलंच.

यंदा झिंक घ्यायला गेलात, की दुकानदाराला आधी एवढंच विचारा: हेप्टा की मोनो? आणि बिलावर तसं लिहून घ्या.